सायलीच्या गेममधलं पाणी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सायलीचं सांगितलं का मी तुम्हाला? कॉम्प्युटरवर ठोकळ्यांनी घरं बांधायचा एक गेम असतो, त्यात ही पोरगी स्वतः बनवलेली यंत्रं घालते. पंप, पाइप, टाक्या. मॉड म्हणतात म्हणे त्याला. जगभरची माणसं तिचे पंप लावून खेळतात.

मागच्या महिन्यात सहज डोकवायला गेले, तर हिचं तोंड एवढंसं.

"काकू, वाट लागली. सगळ्यांचे पंप एकदम चालतात आणि गेम अडकतो. आज दुरुस्त नाही झालं, तर लोक माझा मॉड काढून टाकतील."

"किती वेळ चालतात गं पंप?"

"चोवीस तास."

"चोवीस तास पाणी घाटकोपरात तरी कुणाला मिळतं? एकेका गल्लीला एकेक तास सोड."

तिने खरंच तसं केलं. गेम झकास पळायला लागला. मी बिल्डिंगभर सांगून आले.

आठवड्याने तिनेच चहाला बोलावलं. "काकू, स्वीडनहून तक्रार आलीय. ऐका हां. 'माझा मित्र खाली राहतो आणि मेन लाइनलाच मोटर लावतो. वर आमच्याकडे थेंब येत नाही.'"

"मेल्याला शोभतं का हे!" मी म्हटलं.

"तेच ना. तुम्ही तळमजल्यावर राहता, तुम्हीच सांगा, काय उत्तर लिहू?"

मी अर्धा चहा ठेवून उठले. तेव्हापासून आमची मोटर बंद असते. म्हणजे, सायली घरात असते तोवर.