बिबट्यासमोर वाचायचा धडा

…म्हणजे बिबट्या हिरवं जाकीट घालतो, छत्री घेऊन फिरतो, अस्खलित इंग्रजी बोलतो, हे सगळं पोरांना चाललं, एकानंही तोंड वाकडं केलं नाही, पण तोच बिबट्या भरदुपारी रस्त्याच्या मधोमध उभा राहतो, हे मात्र नाही चाललं, बोला आता. मागच्या बाकावरचा समाधान, वर्षभरात ज्याचा आवाज मी फक्त हजेरीला ऐकला होता, तो उठून उभा राहिला आणि अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, ते दुपारचं न्हाई येत. दुपारचं उसात झोपतं."

मी विद्यापीठातून रीतसर एम.ए. झालेली बाई, माझ्याकडं प्रतीकवादावर चाळीस पानी टिपणं होती, बिबट्याच्या झोपेवर एक ओळ नव्हती.

तुम्हाला गोष्ट माहीत नसेल म्हणून सांगते. नववीच्या पुस्तकातली, शंभर वर्षांपूर्वीची विलायती परीकथा, तिकडच्या पोरांच्या तीन पिढ्या म्हणे हिच्यावर वाढल्या. एका राणीनं चंद्र पेटीत कोंडून ठेवलाय, एक लहान मुलगी तो सोडवायला निघालीय, वाटेत हा जाकीटवाला बिबट्या आडवा येतो आणि ती न घाबरता त्याला म्हणते, "स्टँड असाइड, सर, आय हॅव बिझनेस विथ द क्वीन." केवढं सुंदर वाक्य आहे हो! सत्तेपुढं उभं राहिलेलं निष्पाप मन. मी दोन तास त्या एका वाक्यावर घालवले. म्हटलं, मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा.

तर शंका काय आल्या, ऐका. मुलगी एकटीच कशी निघाली, घरचे कुठं गेले होते? पिंजरा लावला होता का? लावला असेल तर त्यात शेळी कुणाची बांधली? आणि गफूरभाईंची आयशा, वर्गातली सगळ्यात हुशार आणि सगळ्यात मुकी पोरगी, तिनं वहीच्या कोपऱ्यात लिहून दाखवलं की मुलगी फूल तोडायला वाकली ते चूक आहे, बिबट्यासमोर वाकायचं नसतं, वाकलेला माणूस त्याला शेळीएवढा दिसतो. मी फक्त कल्पना करा म्हणाले होते!

अर्थात पोरांचंही खरं होतं. दोन हजार तीनचं साल, येडगावच्या धरणाचं पाणी, जिकडं बघाल तिकडं ऊस, आणि त्या उसात ही जनावरं घरच्यासारखी राहायला आलेली. माझ्या वर्गातली जवळजवळ सगळी पोरं त्याच उसाच्या मधल्या पाणंदीनं वस्तीवर जायची. पण माझ्यामागं त्याहून मोठं जनावर लागलं होतं, त्याचं नाव तपासणी. तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढली की मग कायम करतात, आणि माझं तिसरं वर्ष भरत आलेलं. हेडसरांनी मला बोलावून घेतलं. आमचे हेडसर वाईट बातमी नेहमी मान खाली घालून, टेबलावरचा पेपरवेट फिरवत सांगतात. म्हणाले, प्रज्ञा मॅडम, डिसेंबरात साहेब येणार, तुमच्या वर्गात बसणार, पोरांकडून इंग्रजी वाचून घेणार. पोरं बोलली तर तुम्ही कायम. नाही बोलली तर… आणि पेपरवेट थांबला. इकडं निरगुडसरला माझे वडील, मुलगी कायम झाली की सगळ्या आळीला जेवण घालायचं ठरवून बसलेले. आणि माझा वर्ग कसा, तर इंग्रजीचं पुस्तक उघडलं की कुणी गेल्याची बातमी आल्यासारखा चिडीचूप.

मग मी जादा तास सुरू केले. साडेपाचपर्यंत. घसा फोडून सांगायची, घरी मोठ्यानं वाचा रे, भिंतीला ऐकवा, म्हशीला ऐकवा. दुसऱ्या दिवशी विचारावं तर सगळ्यांच्या माना खाली. पंधरा दिवस हेच. सोळाव्या दिवशी वनखात्याची माणसं गावात आली आणि चावडीपुढं सभा घेऊन सांगून गेली की अंधार पडायच्या बेताला उसातून जाताना एकटं जायचं नाही, वाकायचं नाही, समोर आलंच तर पाठ फिरवून पळायचं नाही, नजर न काढता एकेक पाऊल मागं सरकायचं, घोळका करून ताठ चालायचं आणि मोठमोठ्यानं बोलत राहायचं. बोलत राहायचं, ठीक आहे, पण दोन किलोमीटर बोलणार काय? गप्पा पहिल्या बांधालाच संपतात. पाढे म्हटले तर सतराला सगळे अडखळतात, आणि अडखळले की शांतता, आणि शांतता झाली की पाचटात काहीतरी सळसळतं. शेवटी समाधान म्हणाला म्हणे, आरं, मॅडमचा धडा म्हणू, नायतरी पाठ करायचाच हाय.

मला तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं हं. मला कळलं ते कोंडाबाईंकडून. कोंडाबाई म्हणजे समाधानची आजी. एका सकाळी थेट वर्गाच्या दारात. मला वाटलं, जादा तासावरून भांडायला आल्या. तर कमरेवर हात ठेवून म्हणतात कशा, "बाई, तुमचं ते विंग्रजी लई भारी हाय. काल पोरांनी म्हनलं आन् उसातलं ते उठून गेलं. रेडिवोपरीस बरं. ह्याला सेल लागत न्हाईत."

मी शांतपणे विचारलं, आजी, ते बिबट्याच होतं कशावरून, रानमांजरही असू शकेल, कुणी प्रत्यक्ष पाहिलं का? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच उसातून आलेय. म्हणाल्या, बगायला थांबायचं आसतं व्हय? आणि जाता जाता सगळ्या वर्गासमोर ठणकावून म्हणाल्या, "इस्टँड असाइड सर!" उच्चाराबद्दल मी काही बोलले नाही. मी फक्त कल्पना करा म्हणाले होते, इथं वस्तीच्या वस्ती पाठांतराला लागली होती.

आणि उजाडला तपासणीचा दिवस. साहेब अगदी सज्जन माणूस, मऊ बोलणारा, खिशाला दोन पेनं. मागं खुर्चीवर बसले. मी धडा काढला. साहेबांनी आयशाकडं बोट दाखवून म्हटलं, बाळ, जरा वाच. आयशा उठली. मी मनात म्हटलं, संपलं. कारण ही पोरगी माझ्याशीसुद्धा चिठ्ठीनं बोलायची.

तिनं पुस्तक मिटलं. मान ताठ. नजर साहेबांवर रोखलेली, पापणी हलत नाही. आणि ती उठल्याबरोबर, तुम्हाला सांगते, अख्खा वर्ग उठला, कारण एकट्यानं म्हणायची सवयच नाही ना, घोळक्यानं म्हणायचं! बेचाळीस पोरं, खांद्याला खांदा लावून, एका दमात, पत्रे थरथरतील अशा आवाजात, पहिल्या ओळीपासून. शेजारच्या वर्गाचा भूगोल थांबला. खिडकीतून शिपाई डोकावला. साहेब दचकून उठले आणि कौतुकानं दोन पावलं पुढं आले, तर वर्ग दोन पावलं मागं. पाठ न फिरवता, डोळ्याला डोळा, एकसारखा. साहेब आणखी एक पाऊल पुढं, वर्ग आणखी एक पाऊल मागं, आणि "स्टँड असाइड, सर" तर थेट त्यांच्या तोंडावर.

साहेबांनी हेडसरांना विचारलं, हे मागं का सरकतायत? हेडसरांच्या हाताशी पेपरवेट नव्हता. ते म्हणाले, आदर आहे, साहेब.

मी डोळे मिटून घेतले. आळीचं जेवण रद्द झालेलं मला स्पष्ट दिसत होतं.

धडा संपला. कानात नुसता नाद. साहेबांनी चष्मा पुसला आणि आयशाला इंग्रजीतच विचारलं की ती मुलगी पळून का जात नाही. आता या प्रश्नाचं उत्तर गाइडात होतं, धैर्य आणि निष्पापता वगैरे, मी ते फळ्यावर सात वेळा लिहून दिलं होतं. आयशानं आयुष्यातलं पहिलं स्वतःचं इंग्रजी वाक्य उच्चारलं, "सर, इफ शी रन, ही रन. ही इज फास्ट. सो शी टॉक." आणि आमच्यासाठी हळूच मराठीत, "बोलत राहिलं की घरी पोचतो, सर."

तीन चुका होत्या. मी मोजल्या. आणि तुम्हाला सांगते, जन्मात पहिल्यांदा मोजून सोडून दिल्या. साहेबांनी खिशातलं एक पेन काढून काहीतरी टिपलं. मग म्हणाले, हे गाइडात नाही. त्यांनी बाहेर आल्यावर हेडसरांना हळूच पोरं घरी कुठल्या वाटेनं जातात, वस्ती किती लांब, एवढंच विचारलं.

आठ दिवसांनी अहवाल आला. हेडसर मान वर करून वाचत होते, तिथंच मला अर्धा जीव आला. वर्गाचं वाचन खणखणीत, उत्तरं स्वतःची, शिक्षिकेला कायम करण्यास हरकत नाही. अहो, मी खुर्चीतच बसले, वडिलांना फोन करायचं सुचेना, इतकं हलकं वाटलं. तेवढ्यात हेडसर म्हणाले, थांबा, खाली 'तथापि' आहे.

तथापि, शिक्षिकेचा स्वतःचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही; त्यांनी मोठ्यानं बोलायला आपल्या विद्यार्थ्यांकडून शिकावं.

तर सध्या मी रोज साडेपाचला पोरांच्या घोळक्यात पाणंदीनं वस्तीपर्यंत जाते. कायम झालेली, एम.ए. झालेली बाई, पर्स छातीशी धरून, ताठ, म्हणत, स्टँड असाइड, सर. पलीकडच्या बांधावर कोंडाबाई कानामागं हात धरून उभ्या असतात. काल म्हणाल्या, "बाई, जरा जोर लावा. एवढ्यानं तर मांजर बी हालायचं न्हाई."