मोकळा सोडलेला गडी

नाही, नाही, नाही — मी त्याला फोन करणार नाही, आणि तू आधी ते डोळे पुसणं थांबव, रेनी, तू रडायला लागलीस की मला काय बोलावं ते सुचत नाही. बस त्या बाकावर. त्या डब्यात काय आहे? कोलाचे? खसखस भरलेले ते गोड पाव? म्हणजे पुरती तयारी करून आलीयेस तू! सासऱ्याला खसखशीचे कोलाचे चारायचे आणि त्याचं तोंड भरलेलं असताना सांगून टाकायचं, की बाबा, डॅरल जॉर्जियाला निघालाय, मला नि पोरींना घेऊन, दोन दिवस गाडी हाकावी लागते तेवढं लांब — आणि तुम्ही एकदा, फक्त एकदा, त्याला ‘थांब’ म्हणा. ऐकलं मी. बहिरा नाही झालो अजून. पण उद्या मॅच आहे, त्याच्याच गावाशी आहे, त्याची पोरं विरुद्ध माझी पोरं, आणि मैदानावरच्या या पांढऱ्या रेघा कोण मारणार, तू? तू खा. मी हे यंत्र ढकलता ढकलता बोलतो, थांबलो की रंगाचा ढीग पडतो एका जागी.

आता मला एक सांग, तुला काही कळतं का यातलं? नवरा कोच, सासरा कोच, आणि तू म्हणे मॅच बघताना स्वेटर विणतेस. डॅरलच म्हणाला होता नाताळात. बरं, ऐक. आपल्या फुटबॉलमध्ये बॉल काखेत मारून पळणारे संघ दोन जातीचे. एक पॉवरवाले. त्यांचं कसं असतं — समोरून येतात आणि छातीवर आदळतात, बास. अमुक भगदाडातून घुसणार, हे त्यांना माहीत, आपल्याला माहीत, वर बसलेल्या पाद्रीबुवांनाही माहीत. मागून एक गडी फिरून येतो, आणखी जोर लावायला, आणि त्याच्या मागे बॉलवाला. लपवाछपवी नाही. अशांना अडवायचं तर मी पोरांना एवढंच सांगतो — खाली वाक, समोरच्याला रेट, आणि बॉल दिसला की सगळे मिळून त्याच्यावर तुटून पडा. कधी ते आपल्याला चिरडतात, कधी आपण त्यांना. पण मॅच संपल्यावर दोघांचीही हाडं सारखीच दुखत असतात आणि हात मिळवताना एकमेकांबद्दल काही वाकडं मनात नसतं. मी चाळीस वर्षं हेच खेळलो, हेच शिकवलं, आणि मला त्याची काडीची लाज नाही.

आणि दुसरा हा तुझा नवरा. ऑप्शनवाला. त्याचे तीन जण एकदम सुटतात. क्वार्टरबॅक, म्हणजे डाव सुरू करणारा गडी, बॉल घेऊन पहिल्याच्या पोटात खुपसतो — की खुपसल्यासारखं करतो? दिला तर तो मधून घुसला. नाही दिला तर स्वतः घेऊन कडेने पळतो, आणि शेजारून तिसरा एक पळतच असतो, हात पसरून, ऐन वेळी त्याच्याकडे फेकायला. कळलं? आता खरी मेख ऐक. माझा कडेचा एक गडी ते मोकळा सोडतात. मुद्दाम! त्याला कोणी अडवत नाही, धक्का देत नाही, बोट लावत नाही. फक्त त्याच्याकडे बघतात. तो आत धावला की बॉल बाहेरून गेला, तो बाहेर थांबला की बॉल मधून गेला. करेल ते चूक. आणि बिचाऱ्याला सुरुवातीला काय वाटतं माहितीये? वाटतं, आज आपलीच चलती आहे, आपल्याला अडवायची कोणाची टाप नाही! छाती काढून सुसाट सुटतो, आणि मागे वळून बघतो तो काय, बॉल कधीच पसार. मला नाही आवडत हे. अरे, मारायचं तर मारा ना एखाद्याला, पण हात तरी लावा!

औषध आहे ना, नाही कशाला? बॉलकडे बघायचंच नाही. प्रत्येकाला आपापला माणूस वाटून द्यायचा, आणि त्यानं आपला माणूस पाडायचा. त्याच्या हातात बॉल असो नसो, दर वेळी पाडायचा. ऐकायला सोपं आहे. पण सतरा वर्षांच्या पोराला सांगून बघ, की तू ज्याला आडवा करतोयस त्याच्याकडे काहीच नाही, तरीही कर, आणि पुढच्या वेळीही कर! नजर बॉलकडे जातेच. म्हणून या आठवड्यात मी बॉलच काढून घेतला. सगळे बॉल माझ्या गाडीत कुलूपबंद. सोमवारपासून पोरं रिकाम्या हातांनी पळतायत आणि रिकाम्या हातवाल्यांना पाडतायत. गावात हसतायत मला. धान्याच्या कोठारावरचा तो स्टॅन्ली म्हणे, मिलो वॉन्ड्राच्या डोक्यावर परिणाम झाला, म्हातारा बॉलशिवाय फुटबॉल शिकवतोय. हसू देत. उद्या बघतील. तीन वर्षं ओळीने हरवलंय ना त्यानं मला, उद्या नाही. उद्या प्रत्येक जण आपल्या माणसाला धरून राहणार, मग बघतो कुठून जातोय ते.

आणि शिकला कुठे तो हे सगळं? माझ्याच जेवणाच्या टेबलावर! ऑप्शनवाल्यांकडून मार खाऊन आलो की मी मीठदाणी, मिरपूड, मोहरीची बाटली, सगळं मांडून ॲग्नेसला दाखवत बसायचो, की हे असं केलं, आणि असा माझा कडेचा गडी येडा बनवला. ॲग्नेस बटाटे वाढत हं हं करायची. आणि हा एवढासा डॅरल, हनुवटी टेबलाला टेकवून बघत असायचा. मला वाटायचं, बापासाठी जीव तुटतोय पोराचा. कप्पाळ! तो मोहरीच्या बाटलीच्या, म्हणजे समोरच्यांच्या बाजूने होता! मग मोठा झाला, माझ्याच हाताखाली कोच म्हणून लागला, आणि लागला मागे — बाबा, आपणही ऑप्शन खेळू या, आपली पोरं लहानखुरी आहेत, पॉवर झेपत नाही त्यांना. मी म्हटलं, माझ्या हयातीत नाही. काय भांडायचो गं आम्ही! स्वयंपाकघरात, गाडीत, चर्चच्या पायऱ्यांवर. तो टेबलावर मूठ आपटायचा, मग मी आपटायचो. ॲग्नेस म्हणायची, अहो खिडक्या तरी लावा, अख्ख्या नेब्रास्काला ऐकू जातंय. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं मला. भांडून झालं की दोघं मिळून थंड मांस खायचो, उभ्या उभ्या, फ्रीजचं दार उघडं ठेवून.

आणि एक दिवस तो नुसता म्हणाला, ठीक आहे बाबा, तुमचंच खरं. बस्स. आवाज नाही, मूठ नाही. मला काय वाटलं असेल? वाटलं, जिंकलो! पोरगं वळणावर आलं! आठवडाभर गावात छाती काढून फिरलो मी. ज्याला त्याला सांगत सुटलो. आणि मग त्या स्टॅन्लीकडूनच कळलं, की डॅरलनं शेजारच्या लुडमिला गावच्या शाळेत नोकरी धरली. तेव्हापासून — तूच बघतेस की — कधी शब्दाला शब्द नाही. नाताळाला येतो, मांस कापून देतो, गुडघे कसे आहेत विचारतो. हो बाबा. बरोबर आहे बाबा. ॲग्नेसला पोचवून आलो त्या दिवशीही शेजारी उभा होता, माझा कोट धरून दिला, आणि सगळं कसं नीट, कसं रीतसर. तो इथून गेल्याला सहा वर्षं झाली, पोरी. सहा वर्षांत मला कोणी धक्का दिलेला नाही.

मी मॅचबद्दलच बोलतोय. तुला काय वाटलं?

आणखी एक घे ना, दोनच खाल्लेस. मॅचबद्दल म्हणशील तर मी यंदा कच्चा अभ्यास केलेला नाही. त्याच्या सगळ्या मॅचच्या फिल्म बघितल्यात. सगळ्या. त्यांच्या शाळेचा तो कॅमेरावाला जरा धांदरट आहे, खेळ थांबला की त्याचा कॅमेरा घसरतो कडेला, आणि तिथे डॅरल उभा असतो टोपी चावत. चावतो अजून! तिसरीत होता तेव्हापासूनची खोड. आणि उजवा पाय ओढतोय तो. सप्टेंबरपासून. आधीच्या फिल्ममध्ये नव्हता ओढत, मी मुद्दाम परत लावून पाहिलं. डॉक्टरला दाखवलं का? दाखवलं? काय म्हणाला? घोटा? आणि मला कोणी सांगितलं? नाही, तू नको मनावर घेऊस, मला कोण कशाला सांगेल म्हणा. अगं, मी अभ्यासासाठी बघतो त्या फिल्म! अभ्यासासाठी! उन्हाळ्यातली ती लहान पोरांच्या शिबिराची? ती... ती चुकून लागली होती. त्यात धाकटी टेस आहे तुझी, केवढा मोठा शर्ट घालून पळतेय. घोट्यापर्यंत शर्ट.

हे बघ, मी मूर्ख नाही. तुला वाटतं म्हाताऱ्यानं काही केलंच नाही, नुसता रेघा मारत बसलाय. मी काय करतोय ते कळतच नाही तुला! उद्या मी त्याला हरवणार. का हरवणार? कारण हरला की तो जाणार नाही. माझा पोरगा आहे तो. जिंकून निघाला तर खुशाल जाईल, मागे वळून बघणार नाही. पण बापाकडून मार खाऊन, परतफेड न करता तो जॉर्जियाला जाईल? डोंबल! आणखी एक वर्ष थांबेल. पुढच्या वर्षी त्यानं मला हरवलं तर त्याच्या पुढच्या वर्षी मी पुन्हा. असं कसं होईल म्हणून काय विचारतेस? माझंच बघ ना. मी निवृत्त होणार होतो. ॲग्नेसला शब्द दिला होता, समुद्र दाखवणार होतो तिला. आणि त्याच शरदात त्यानं मला पहिल्यांदा हरवलं. झालं, मी म्हटलं आणखी एक वर्ष. मग आणखी एक. ती गेली समुद्र न बघताच, आणि मी अजून इथे रेघा मारतोय. एवढा हट्ट माझ्यात आहे तर त्याच्यात नसेल? म्हणून म्हणतो, फोनबिन काही नको. उद्या पाडतो त्याला. घरी जा, पोरींना सांग, कुठे जायचं नाहीये, खेळणी बांधू नका.

काय?

परत सांग.

सोमवारी? या गेल्या सोमवारी? तिकडच्या नोकरीच्या कागदावर सही केली? घर पण बघून ठेवलं?

म्हणजे मी इथे बॉल कुलूपात टाकून पोरांना पळवत होतो तेव्हा. बरं. बरं. मग आज कशाला आलीस तू? सोमवारीच का नाही सांगितलं? त्यानं सांगितलं होतं? मॅच होईपर्यंत बाबांना सांगू नकोस म्हणून? का? माझं लक्ष उडेल म्हणून! वा! माझ्यावर दया! उद्या मला नीट खेळता यावं म्हणून हा साहेब तोंड मिटून बसलाय, आणि शनिवारी सकाळी हळूच येऊन सांगणार, बाबा, निघतो. आणि कोट धरून देणार! मला नको त्याची सवलत! मी काय काचेचा आहे का? सांगायचं ना तोंडावर, ओरडायचं, म्हणायचं, बाबा, तुम्ही जन्मात एकदाही म्हणाला नाहीत मी चांगला कोच आहे म्हणून — काय? तो म्हणतो असं? तुला म्हणतो? कधी?

हं.

आहे ना. चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला आहे, आंधळ्यालाही दिसतं ते. यात म्हणायचं काय असतं?

नाही, मी नाही रडत, या रंगाचा वास झोंबतो. ऊठ. कोलाचे राहू देत इथेच. माझी किल्ली कुठे गेली? लुडमिलाला. आत्ता. मग काय उद्या? उद्या तो त्या टोकाला आणि मी या टोकाला, मध्ये सगळा गाव. माहितीये, मॅचच्या आदल्या दिवशी कोणी कोच तिकडे पाऊल टाकत नाही. माझी गाडी तिथलं शेंबडं पोरही ओळखतं. उद्या सकाळी स्टॅन्ली दारोदार सांगेल, मिलो फितूर झाला, डाव विकून आला. सांगू दे. या गावासाठी चाळीस वर्षं घसा फोडलाय मी, एक संध्याकाळ माझ्या पोरावर ओरडायला हवीय मला, द्यायची तर द्या, नाहीतर नका देऊ.

सही केली तर केली. ‘थांब’ म्हणायला सहीची काय आडकाठी आहे? तो नाही थांबणार, मला कळतं तेवढं. नाही थांबणार तरी म्हणणार. तुमच्या दारात उभा राहून म्हणणार, आणि तो ‘बरोबर आहे बाबा’ म्हणाला ना, तर त्याची कॉलर धरणार. पोरींना वर पाठवू? नको, कशाला, बसू देत तिथेच. त्यांच्या बापाला ओरडता येतं, हे एकदा कळू दे त्यांना. खिडक्याही लावू नकोस.

तू हो पुढे. फोन करू नकोस त्याला, खबरदार. हे? अर्धं मैदान राहिलंय तर राहू दे, बिनरेघांचं खेळतील. बघत काय बसलीस, रेनी? जा!