चहाच्या बाईंचे गुडघे

कानाझावातल्या हाडांच्या दवाखान्यात माझा नंबर एकोणीस होता आणि सात आत होता. शेजारी दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या.

"हिसानो, चहाचा विधी शिकवणारीनंच असे गुडघे धरल्यावर कसं गं व्हायचं?"

"काय करू, ताएको? तो पोर्तुगालचा दुआर्ते दोन-दोन तास गुडघे मुडपून बसतो. हलत नाही."

"तू खुर्ची घे की."

"शिष्य जमिनीवर आणि मी खुर्चीवर?"

"मग त्याला सांग पाय मोकळे करायला."

"सांगितलं. म्हणतो, बाई, आधी तुम्ही."

"बंद कर मग वर्ग."

"तो एकच उरलाय गं. आपल्या पोरांना बाटलीतला चहा पुरतो."

तेवढ्यात एक उंच गोरा माणूस भिंत धरत आत आला.

"बाई, तुम्ही इथे?"

"दुआर्ते, तुला काय झालं?"

"गुडघे. आठ महिने तुम्ही पाय सोडायची वाट बघतोय."

"मी तुझी बघतेय."

तो रीतीप्रमाणे जमिनीवर गुडघे टेकून वाकला. मग बाईंनाही बाकावरून उतरून वाकावं लागलं.

"आठ नंबर, हिसानोबाई," नर्सनं पुकारलं.

"ऊठ, दुआर्ते."

"आधी तुम्ही, बाई."

"नर्सबाई," ताएको म्हणाली, "नऊ नंबरला घ्या."