सात नंबरचं सहावं भोक

नाव माहं वच्छला. माहेर पैनगंगेच्या काठचं, जैनथच्याही पुढं, नदीच्या पल्याड पाह्यलं का महाराष्ट्र, तिकडच्या बैलाच्या घंट्या आमच्या वांग्याच्या वाडीत आयकू येत, पन सरकार आमचं इकडचं, अन् इकडचं म्हनजे पह्यले आंध्र म्हनत आता तेलंगाना म्हनते, आमी काई जागचे हललो नाई, पाट्याच बदलल्या. बाप माळी, भाजी इकायचा. शाळेत मी तिसरीपर्यंत गेली असंन, तेही बाजार नसला त्या दिवशी, पन आकडे मले बापानं शिकवले, टोपलीच्या बुडाले चुन्यानं लिवून, आपले मराठी आकडे, हात धरून गिरवून घेतले. सही करताना आजही माहा हात कापते, पन आकडा म्हनान तं छापल्यावानी काढतो मी.

लग्न होऊन आदिलाबादले आली. मालक भाजीचं दुकान लावते, मोठा लेक त्यायच्या हाताखाली, अन् मी गावाबाहेर बंदुकीचं मैदान हाय तिथं कामाले लागली, रेंज म्हनते त्याले. झाडलोट करायले म्हनून गेली होती. काय सांगू तुमाले ताई, पह्यल्या दिवशी गोळीचा आवाज आयकला अन् हातातला खराटा टाकून मी जी पळाली ते थेट सडकेवर. तिथं शिकवनारे सुभेदार साहेब, फौजेतून आलेले, आपलेच मराठी मानूस, ते मागून हासत आले, म्हने वच्छलाबाई, गोळी तिकडं गेली, तुमी इकडं काऊन पळून राह्यल्या. मंग हळूहळू कान मेले माहे. आता आवाज नाई झाला तंच चुकल्यावानी वाटते.

काम काय, तं कार्ड बदलायचं. पन्नास मीटरवर लाकडाच्या चौकटी हायेत दहा, त्याच्यावर कागदाचं कार्ड लावायचं, कार्डावर गोल रिंगा, सगळ्यात आतली दहाची, मंग नवाची, मंग आठाची, अशा. पोरं इकडं चटईवर पालथं पडून पाच पाच गोळ्या मारते, घंटी होते, बंदुका रिकाम्या करते, लाल झेंडा लागते, अन् मंग मी एकटी चालत जातो, जुनं कार्ड काढतो नवं लावतो. पन्नास मीटर जायचं पन्नास यायचं, किती वर्सं झाले.

अन् तिथं म्या जे पाह्यलं ना ताई, ते देवळात बी नाई पाह्यलं. गोळीचं भोक रेघेवर पडलं, अर्धं नवात अर्धं दहात, तं काय द्याव? मी म्हनलं नऊ देत असंन, नाई तं साहेब मानूस ज्याच्यावर खुश त्याले दहा. साहेब म्हने नाई, भोकाची कड रेघेले नुसती टेकली तरी दहा. मारनाऱ्याच्या बाजूनं. कोनीही असो. तहसीलीत मी एका कागदाच्या नकलेसाठी सहा खेपा मारल्या, तिथं शंका आली का मानूस परत, आज नाई उद्या या, अन् इथं शंका आली का मानसाच्या बाजूनं! मी त्या दिवशी घरी जाऊन मालकाले सांगलं तं ते म्हने असा कायदा कुठी असते का, तुले कोनी बनवलं.

अन् डोळ्याले नाईच समजलं, टेकली का नाई टेकली, तं गेज घालते. पितळेची बारकी काडी, वर भिंग, ते भोकात सोडायचं अन् भिंगातून पाह्यचं. पन ताई, एकदाच. एका भोकात गेज एकदाच घालता येते, काऊन का दुसऱ्यांदा घातलं तं कागद फाटते, भोक मोठं होते, मंग खरं कोनाले सापडनार? साहेबानं हे सांगलं. मी तवापासून कार्ड कसं आनतो, तं आडवं, दोन्ही तळहातावर, वारा लागू देत नाई.

दुर्गा माही धाकटी लेक. माह्या मागं मागं यायची, मंग एक दिवस साहेबानं तिले चटईवर पालथं पडायले सांगलं अन् बंदूक दिली, तं पोरगी अशी शांत झाली का घरातली कैदाशीन ते हेच का, असं मले वाटलं. चार वर्सं शिकली. सकाळी उठवा लागत नाई तिले, मलेच उठवते.

तं गेल्या सालची गोष्ट. आमच्या रेंजवर निवड होती, आजूबाजूच्या जिल्ह्यातल्या पोरी आलेल्या, अन् त्यातून एकच पोरगी हैदराबादले पाठवायची, तिथं राहनं, खानं, शिकवनं, बंदूक, सगळं फुकट. एकच. दुर्गा महिनाभर दुसरं बोललीच नाई. आदल्या दिवशी चौकटीवरचे नंबर पुसट झालेले दिसले, तं साहेब म्हने वच्छलाबाई, रंग हाय ना, टाका आकडे. म्या टाकले. एकापासून दहापर्यंत, मस्त मोठे. साहेबानं लांबून पाह्यले, म्हने वा.

दुर्गाले आला सात नंबर. तिच्या बाजूले सहावर मंचेरियलची पोरगी, मौनिका, बाप कोळशाच्या खानीत. बारीक चनीची पोरगी, तेलुगूच बोलनारी, पन बंदूक हातात घेतली का दगड. मोठ्या पंच म्हनून हैदराबादवरून एक बाई आलेल्या, पांढरे केस, गुडघ्याले पट्टे. एकएक कार्ड होत गेलं, बाकी पोरी मागं पडल्या, अन् शेवटच्या कार्डाआधी दुर्गा अन् मौनिका बरोबरीत. बरोबर सारख्या!

शेवटचं कार्ड झालं, घंटी झाली, झेंडा लागला, मी निघाली. सहावर गेली, मोजले, चारच भोकं. म्या म्हनलं एक बाहेर गेली वाटते. सातवर आली. मोजले. परत मोजले. बोट ठेवून मोजले ताई, सहा. पाचाच्या जागी सहा. माह्या लेकीच्या कार्डावर दुसऱ्या पोरीची गोळी.

कार्डं नेऊन टेबलावर ठेवली. पंचबाईनं पाह्यलं, सगळे गोळा झाले. सातावर तीन दहा, दोन नऊ अन् एक आठ. आता यातलं मौनिकाचं कोनतं अन् दुर्गाचं कोनतं, कागद काई बोलत नाई. पंचबाई म्हनल्या, सात नंबरच्या पोरीची काई चूक नाई, म्हनून शंकेचा फायदा तिले, सगळ्यात चांगली पाच भोकं तिची, आठवालं सोडून द्या. अठ्ठेचाळीस. अन् सहा नंबरनं दुसऱ्याच्या कार्डावर मारली, ते गोळी तिची शून्य. चार भोकाचे एकोनचाळीस. संपलं. दुर्गानं माह्याकडं पाह्यलं, हासली नाई बिचारी, पन डोळे असे भरून आले तिचे.

अन् मौनिका रडून राह्यली. नुसती रडत नाई, एकच शब्द म्हनून राह्यली, आरू मॅडम, आरू. पंचबाई तेलुगूत विचारते, पोरी कोनत्या नंबरावर मारली तू, ते म्हनते आरू. आरू म्हनजे सहा. चार गोळ्या सरळ समोर पाहून मारल्या, मंग हाताचा पट्टा ढिला झाला म्हनून उठली, पट्टा कसला, परत पडली, तवा नंबर पाहून नेम धरला, आरूच होता म्हने. लोकं हासले. मले वाटलं घाबरली, खोटं बोलून राह्यली. अन् म्या सहज मागं वळून चौकटीकडं पाह्यलं.

अगा मायबाप! माहा सात. मराठीतला सात, वरून खाली आनून पोट सोडलेला, बापानं गिरवून घेतलेला, ते तिकडून अगदी इंग्रजीतला सहा! अन् माहा सहा त्या पोरीले उलटा तीन दिसला असंन, नाई तं काहीच नाई. तिनं कधी मराठी आकडा पाह्यला असंन का जन्मात? आमच्या पोरीइले सवय, साहेबाले सवय. ते पोरगी खरंच सहावर मारून राह्यली होती, अन् तिले चुकवलं कोनं, तं म्या.

तुमाले खोटं सांगत नाई ताई, मनात आलं, चूप राह्य वच्छला. कोनाले समजलं नाई. लेक समोर उभी हाय, एकच जागा हाय, अन् कायदा तर तिच्याच बाजूनं बोलून राह्यला. चोरी थोडीच करून राह्यली मी, नुसतं चूप राह्यचं. हरकत घ्यायले दहा मिन्टं असते, ते होऊन जातीन. पन ते पोरगी थांबेच ना, आरू, आरू. अन् माह्या तोंडातून निघून गेलं, हिंदीत, मॅडम गलती इसकी नही, मेरी है.

म्या बोटानं दाखवलं, ते छे नही, सात है, मराठी का सात. दुर्गा म्हने माय! एवढंच. मी तिच्याकडं पाह्यलं नाई. साहेब पुढं आले, तोंड पडलेलं, म्हने मॅडम, आकडे मी पाह्यले होते, मीच वा म्हनलो, आधी माहं नाव लिवा मंग बाईचं.

अन् मंग काय झालं ते आयका. ते पांढऱ्या केसाची बाई, दुखरे गुडघे, ते म्हनली थांबा. सहा नंबरच्या चटईवर गेली, एक गुडघा टेकवला, दुसरा टेकवला, आई गं म्हनली, अन् पालथी पडली सगळ्या दुनियेसमोर. मौनिकाच्या रिकाम्या बंदुकीतून पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. उठवायले दोघं लागले. कपडे झटकले अन् म्हने, मुझे भी छे दिखा.

एवढा मोठा मानूस ताई, हुकूम देऊन मोकळा झाला असता, पन एका खानीतल्या मजुराच्या पोरीच्या डोळ्यानं पाह्यले जमिनीवर पडला. माहे हात आपोआप जोडल्या गेले.

मंग पुस्तक काढलं, दुसऱ्या पंचाले बोलावलं, बोलले, अन् फैसला सांगला. सात नंबरची चूक नाई, तिचे अठ्ठेचाळीस तिच्यापाशी, त्याले हात लावायचा नाई. सहा नंबरचीही चूक नाई, तिले एक गोळी परत. चूक रेंजची. कागदावर लिवलं अन् माही सही घेतली. मले वाटत होतं एकीले न्याय दिला का दुसरीचा हिसकावा लागते, जगात आपन तेच पाह्यतो ना. इथं दोघींच्या पदरात टाकला, अन् चूक जिची तिच्या नावावर.

आता समजा. मौनिकाले नऊ भेटले तं बरोबरी, दहा भेटले तं ते पुढं. मधात दोऱ्याएवढी रेघ. साहेबानं काळ्या कोळशानं चौकटीवर मोठा इंग्रजी सहा काढला. पोरगी पडली. डोळे पुसले, श्वास सोडला, अन् मारली.

आनायले मीच गेली. दुसरं कोन जाईन, माहंच काम ते. भोक पाह्यलं, रेघेवर. माह्या डोळ्याले तं बाहेर दिसलं, नवाचं दिसलं, पन माहा डोळा त्या दिवशी कोनाचा होता? पन्नास मीटर आली मी ते कार्ड दोन्ही तळहातावर धरून. एक नख लागलं असतं तं काईही झालं असतं, इकडचं नाई तं तिकडचं.

पंचबाईनं गेज सोडलं. एकदाच. भिंगाले डोळा लावला, दुसऱ्या पंचानं लावला. म्हने दस.

मौनिका हैदराबादले गेली. जाताना माह्या पाया पडली, अम्मा म्हनली, मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, खुशीनं का कायनं ते मलेच सांगता येत नाई. घरी मालक बोलले लय. म्हने सात जन्माची अकलेची दुश्मन तू, लेकीच्या ताटातलं उचलून दिलं. बोलू दिलं. दुर्गा मातर एक शब्द बोलली नाई. आठ दिवस. जेवायची, उठायची, रेंजवर यायची, कार्ड माह्या हातून घ्यायची, पन तोंड वर करायची नाई. रागाचं घरात भांडं वाजलं तं बरं असते, हे चूप बसनं लय वाईट.

नवव्या दिवशी मीच म्हनलं, दुर्गे, शिव्या दे मले, पन बोल. तं ते भाजी निवडता निवडता म्हने, माय, तू चूप राह्यली असती तं मी गेली असती हैदराबादले, मले कधीच मालूम झालं नसतं. म्या म्हनलं हो. म्हने, पन तुले मालूम असतं ना. मंग मी बक्षीस आनून तुह्या हातात देल्लं असतं, तवा तू माह्या तोंडाकडं कशी पाह्यली असती?

सतरा वर्साची पोरगी, म्या जन्माले घातली, न्हाऊ घातली, अन् एवढं शहानपन तिच्यात कवा आलं, मले पत्ता नाई. मी तिच्या पुढची अर्धी मेथी माह्याकडं ओढली अन् तिच्याबराबर निवडायले लागली.

आता परत निवड हाय. मौनिका बी येनार म्हनते, वरच्या परीक्षेले. दुर्गा सकाळी जाते, पालथी पडते, मी कार्ड बदलतो, चाललं आमचं. निघन का नाई निघन ते मी म्हनत नाई, रेघेले टेकली तं दहा, नाई टेकली तं नऊ, तिथं कोनाची माय काय करनार. रोज दिवा लावतो तवा दोघींचं नाव घेतो मी, देवा दोघींचंही चांगलं कर म्हनतो. पह्यलं कोनाचं घेतो, ते मातर मले इचारू नका ताई.