अर्धा पेला पाणी

मुकुल : टाइल्स बघा ना आजी, एकदम नवीन. दिवा स्टेशन दहा मिनिटांवर. दिव्यात या रेटला असा फ्लॅट दाखवा कोणी मला!

गंगुबाई : टाइल्स दिसतायत रे. नळ सोड जरा.

मुकुल : हे घ्या. फुल प्रेशर!

अक्षदा : मावशी, मी दोनदा येऊन गेलेय. दोन्ही वेळा पाणी होतं. आता फक्त तुमचा होकार हवाय. आईच्या रिटायरमेंटचे पैसे घालतोय यात. भाडं सुरू झालं की तिचा महिन्याचा खर्च सुटेल.

मुकुल : मॅडम, या आजी पण इन्व्हेस्टर आहेत का?

अक्षदा : एकवीस वर्षं आमच्याकडे पोळ्या करायच्या. आता डोंबिवलीत तीन खोल्या भाड्याने दिल्यात त्यांनी.

मुकुल : काय सांगता!

गंगुबाई : मी शेजारी जाऊन येते गो. तहान लागलीय.

मुकुल : अहो, माझ्याकडे बाटली आहे.

गंगुबाई : बाटलीतलं नको.

(दहा मिनिटांनी गंगुबाई परत येते.)

अक्षदा : एवढा वेळ?

गंगुबाई : शेजारीण भली आहे. बस म्हणाली, पंखा लावला, लाडू ठेवला पुढ्यात. पाणी मात्र अर्धा पेला.

अक्षदा : मग काय झालं?

गंगुबाई : ओळख ना पाळख, तरी लाडू देते, आणि पाण्याला हात आखडता घेते? मी काय विचारलंसुद्धा नाय. मोरीत डोकावले, तर कपडे धुतलेलं पाणीसुद्धा बादलीत राखून ठेवलेलं. काय रे मुकुल, टँकर कधी येतो?

मुकुल : ...एक दिवसाआड.

अक्षदा : पण मी आलेले तेव्हा तर...

मुकुल : तुम्हाला टँकरच्याच दिवशी बोलावलेलं, मॅडम. मालक सांगतो तसं करावं लागतं आम्हा एजंटांना. सॉरी.

गंगुबाई : आणि बिल्डिंगची ओसी, राहायच्या परवानगीचा कागद?

मुकुल : अर्ज केलाय ना आजी.

गंगुबाई : कधी?

मुकुल : सहा वर्षं झाली.

गंगुबाई : चल अक्षू, उतरू आपण. तू पण ये रे पोरा, चेहरा पाडू नकोस.

मुकुल : तुम्ही व्हा पुढे आजी, मी कुलूप लावून येतो.

(दोघी खाली उतरून रस्त्याला लागतात.)

अक्षदा : मावशी, संध्याकाळी टोकनचे पैसे देणार होते मी! हे सगळं कोणी शिकवलं तुम्हाला?

गंगुबाई : कोण शिकवणार? पहिली खोली घेतली तेव्हा मलाही काय कळत नव्हतं. रंग मारला आणि भाडेकरू ठेवला. प्रितम म्हणून कंपनीतला, बायको सुमती, चार वर्षांची पोर. करार रजिस्टर केला, पोलिसात कागद दिले. चौथ्या दिवशी पोरीने गिझरचं बटण दाबलं आणि तिथेच चिकटली. भिंतीला ओल, आत वायर उघडी.

अक्षदा : बापरे!

गंगुबाई : सुमतीने लाकडी पाट मारून सोडवली तिला. वाचली. यंदा दहावीला आहे. पण ती दोघं मला एका शब्दाने बोलली नाहीत गो. भांडली असती तर बरं झालं असतं.

अक्षदा : मग तुम्ही काय केलंत?

गंगुबाई : वायरी सगळ्या नव्या टाकल्या, आणि ठरवलं, दुसऱ्याला द्यायची तर आधी आपण राहायचं. प्रत्येक खोलीत महिनाभर राहते मी. रांधते, धुते, निजते. कुठलं बटण झटका देतं, कुठल्या खिडकीतून केमिकलचा वास येतो, कळतं सगळं. होईल ते दुरुस्त करते. नाय होत ते भाडेकरूला तोंडावर सांगते.

अक्षदा : सांगून टाकता? तरी घेतात?

गंगुबाई : म्हणून तर टिकतात. प्रितम-सुमती अकरा वर्षं तिथेच आहेत.

अक्षदा : महिनाभर. प्रत्येक खोलीत! मी नुसते रेट काढत बसलेले लॅपटॉपवर. एकवीस वर्षं तुमच्या हातची पोळी खाल्ली मावशी, आणि तुम्ही कोण आहात ते मला आज कळतंय.

गंगुबाई : पुरे गो. डोळे पूस, लोक बघतायत. कल्याणला चौथी खोली घेतलीय. सोमवारी जातेय राहायला.

अक्षदा : मी येऊ?

गंगुबाई : ये की. चटया दोन आहेत.