बुद्धगयेतलं गाऱ्हाणं

हसू नका, पण बुद्धगयेच्या देवळात मी आमच्या पेडण्याकडचं गाऱ्हाणं घातलेलं आहे.

तुये गावातली आम्ही मंडळी काशी करून येताना तिथं उतरलो. मोबाइल आत नेऊ देत नाहीत, ते बाहेर ठेवले. देऊळ केवढं जुनं, केवढं उंच! मी मान वर करून कळस बघत राहिलो, आणि खाली बघतो तर बायको बाजूला नाही. गाडीची वेळ होत आलेली. मी शाळा न शिकलेला, पाट्या वाचता येत नाहीत, आणि हिंदी बोलता तर त्याहून येत नाही. आणि सगळी माणसं डोळे मिटून बसलेली. विचारणार कोणाला?

शेवटी हात जोडले आणि गावच्या देवासमोर घालतो तसंच मोठ्यानं सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! तुझां लेकरू लांबसून इलां हा. माझी घरकारीण हरवली, ती माका गावांदे रे म्हाराजा!"

आता गाऱ्हाणं कानावर पडलं की त्याला होकार दिल्याशिवाय आमच्याकडचं माणूस राहूच शकत नाही. पिंपळापलीकडून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

तीच!

एक भिक्खू ओठांवर बोट ठेवून माझ्याकडे बघत होते. तेवढ्यात ही धावत आली. "अवो, सगळी गप बसली हत आणि तुमी बोंब कसली मारतास?"

"देवाकडे तुकाच मागलंय," मी म्हटलं.

जराशी लाजली. मग म्हणाली, "गावलंय मां? आता ही पिशवी धरा."