तडकलेल्या कपाचा आवाज

तडकलेला कप दिसत नाही बरं का, ऐकू येतो. लकडगंजात चाळीस वर्षं मी कपबश्या विकल्या, त्या एकेक टिचकी मारूनच. यंदा दुकान बंद करावं लागलं, म्हणून कामाच्या आशेनं म्युझियमच्या साहेबांकडे गेलो. तिथं काचेच्या कपाटात जुना विलायती टी-सेट होता. पांढराशुभ्र, सोनेरी काठाचा, किटलीवर ग्रीक मूर्तींसारख्या बाया.

म्हटलं, “साहेब, मले ठेवून घ्या. कोणता कप तडकला, एका टिचकीत सांगतो.”

साहेब हसले. “काका, तडकला असन तं असू द्या नं! यातून चहा कोण पिऊन राहिलं आता?”

जाताना कपाटाच्या काचेवरच एक टिचकी मारली अन् बाहेर आलो.